पुढचं गाणं कोणाचं?

जुन्या सीडी प्लेयरचा रिमोट हातात घेतला की त्याच्या मालकाच्या सवयी कळतात. प्ले आणि आवाजाच्या बटणांवरची अक्षरं अंगठ्याने पुसून गेलेली असतात. पुढच्या गाण्यावर नेणारा बाण अर्धाच उरलेला असतो. आणि खाली एका कोपऱ्यात, दुकानातून आणलं त्या दिवशी होतं तितकंच कोरं करकरीत, ‘प्रोग’ असं लिहिलेलं बटण असतं.

ते दाबलं की समोरच्या छोट्या पडद्यावर ‘पी-०१’ असं काहीतरी उमटायचं. मग सात, मग बारा, मग तीन, हवं तर पुन्हा सात असे आकडे द्यायचे आणि शेवटी प्ले. तबकडीवर गाणी कशीही लावलेली असोत, यंत्र आपण सांगितलेल्या क्रमाने वाजवायचं. बऱ्याच यंत्रांत अशा वीस गाण्यांची जागा असे. जाहिरातीत या सोयीचं भारी कौतुक व्हायचं. मराठवाड्यातल्या गावांत मात्र ती बहुतेक न वापरताच मोडीत गेली. लोकांना यंत्र कळलं नाही, असा याचा अर्थ लावणं सोपं आहे आणि चुकीचंही आहे. पुढचं गाणं कोणतं, हे ठरवण्याची इथली रीत त्या बटणाहून कितीतरी जुनी होती.

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातलं बाजाराचं गाव. आता तिथे नगरपंचायत आहे आणि समर्थ सहकारी साखर कारखान्याचं दुसरं युनिटही. निजामाच्या राज्यात असलेला हा मुलूख सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आला, १९५६ मध्ये मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्हा तोडून जालना वेगळा झाला. सरकारं आणि जिल्हे बदलत गेले, पण अशा गावात चार माणसं जमली की गाण्याला एक ठरलेली रांग असे. वारकरी भजनात आधी रूपाचा अभंग, मधे गौळण, शेवटी भैरवी. तमाशात आधी गण, मग गौळण, बतावणी आणि शेवटी वग. मांडवातल्या भोंग्यावर पहिलं गाणं गणपतीचं, मग यजमान कोण आहेत ते बघून पुढची. आंबेडकर जयंतीला आधी बुद्धवंदना, मग भीमगीतं. या रांगेत कुणी मधेच घुसवलेलं चालत नसे. भजनाला बसलेल्या म्हाताऱ्याने भैरवीनंतर कुणाला गौळण सुरू करू दिली असती का?

तबकड्यांचा काळ आला तेव्हा ही रांग यंत्राच्या मापाने कापली गेली. अठ्ठ्याहत्तरच्या वेगाने फिरणाऱ्या लाखेच्या रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत. नाट्यपदं आणि भावगीतं तेवढ्यात बसवावी लागली. गावोगाव लाउडस्पीकर पुरवणारा माणूस ग्रामोफोन, रेकॉर्डची पेटी आणि बॅटरी घेऊन मांडवात येई. रेकॉर्ड संपली की ती उलटायची किंवा बदलायची, त्यामुळे दर तीन मिनिटांनी ‘आता कोणतं?’ हा प्रश्न समोर उभा राहायचा आणि त्याचं उत्तर मांडवातले कारभारी द्यायचे. रेकॉर्ड लावणाऱ्याचं काम फक्त सुई ठेवण्याचं.

रेडिओने हा अधिकारही काढून घेतला. ट्रान्झिस्टर सेलवर चालायचा, त्यामुळे वीज न पोचलेल्या वस्तीवरही तो पोचला. गाणी मात्र केंद्राने लावलेली. आपल्या पसंतीचं ऐकायचं तर पोस्टकार्ड टाकायचं आणि वाट बघायची. मुंबई आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये गाण्याआधी पत्र पाठवणाऱ्यांची नावं वाचली जायची. कित्येकांना गाण्यापेक्षा त्या यादीतलं आपलं नाव ऐकण्याची ओढ जास्त असायची, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

रांग पहिल्यांदा माणसाच्या हाती आली ती कॅसेटमुळे. फिलिप्सने १९६३ मध्ये बाजारात आणलेली ही डबी ऐंशीच्या दशकात भारतात स्वस्त झाली आणि तालुक्याच्या, बाजाराच्या गावांतून ‘रेकॉर्डिंग सेंटर’ अशा पाट्या लागल्या. तिथे कॅसेट ‘भरून’ मिळायची. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, साठची की नव्वदची ते सांगायचं आणि दोन दिवसांनी घेऊन जायची. यादी करणं हेच एक काम होतं: कोणतं गाणं पहिलं, बाजू संपताना कोणतं, अर्धवट तुटलेलं शेवटचं गाणं चालेल का? प्रल्हाद शिंदे यांची भीमगीतं आणि विठ्ठलगीतं एकाच घरात शेजारी शेजारी ठेवलेली दिसायची ती या कॅसेटमुळेच. एकदा भरली की मात्र ती पक्की. सातवं गाणं आधी ऐकायचं तर पुढे पळवत, थांबवत, कान लावत बसायचं आणि फीत गुरफटली की पेन्सिल शोधायची.

इथे सीडी आली आणि तिने एक साधीच गोष्ट आणली: नंबर.

फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून १९८० मध्ये या तबकडीची मापं ठरवली. व्यास १२० मिलिमीटर, मधलं भोक १५, वाजण्याचा वेळ ७४ मिनिटं. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीला आला, किंमत १ लाख ६८ हजार येन. तबकडीवरची रेघ आतून सुरू होऊन बाहेर जाते. वाचण्याचा वेग सारखा राहावा म्हणून तबकडी आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेर पोचेपर्यंत २०० वर येते. सगळ्यात आतल्या कडेला, पहिल्या गाण्याच्याही आधी, एक अनुक्रमणिका लिहिलेली असते: किती गाणी, कोणतं कुठे सुरू होतं, एकूण वेळ किती. तबकडी आत घेतल्यावर यंत्र क्षणभर घुटमळतं ते ही अनुक्रमणिका वाचण्यासाठी. ती हाताशी असल्यामुळे बारावं गाणं मागितलं की तबकडी वाचणारा लेझर किरण थेट बाराव्या गाण्यावर जातो. प्रोग्रॅम, रिपीट, शफल या सगळ्या करामती त्या एका छोट्या यादीच्या जोरावर चालतात.

यादीला मर्यादा मात्र आहे. गाण्याचा नंबर दोन आकडीच, म्हणजे ९९ च्या पुढे नाही. पाश्चात्त्य गाण्यांच्या तबकडीला एवढे नंबर सहसा लागत नाहीत. तीर्थपुरीच्याच तालुक्यात, जांब समर्थ इथे १६०८ साली जन्मलेल्या रामदासांचे मनाचे श्लोक घेतले की मात्र हिशेब अडतो. श्लोक २०५. एक श्लोक पंधरा सेकंदांत म्हटला तर सगळे मिळून पन्नास-एक मिनिटांत होतात, म्हणजे वेळेच्या मापाने ते एका तबकडीत आरामात मावतात. पण प्रत्येक श्लोकाला स्वतंत्र नंबर द्यायचा म्हटलं तर पहिल्या तबकडीवर ९९, दुसरीवर ९९ आणि तिसरीवर उरलेले सात. गंमत म्हणजे मापं ठरवणाऱ्यांनी यावरही तोड ठेवली होती. एका गाण्याच्या पोटात आणखी ९९ खुणा करता येतात, त्यांना इंडेक्स म्हणत. दहा-दहा श्लोकांना एक नंबर आणि आत प्रत्येक श्लोकाला खूण असं केलं, तर दीडशेवा श्लोकही एका झटक्यात निघाला असता. पण इंडेक्सचं बटण मोजक्याच महागड्या यंत्रांवर असायचं आणि तशा खुणा करण्याच्या भानगडीत कंपन्या सहसा पडत नसत. जिथे खरोखर कामाला आली असती, तिथे ती सोय पोचलीच नाही.

शफलचा प्रकार याच्या उलट. यंत्राने मनाला येईल त्या क्रमाने गाणी वाजवायची, ही कल्पना मुळात सुटी गाणी ऐकणाऱ्यांची. मराठी घरात कपाटात गीतरामायण असायचं. गदिमांची ५६ गीतं, सुधीर फडके यांच्या चाली, १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर आठवड्याला एक या क्रमाने आलेली. त्या संचातली तबकडी शफलवर टाकली तर कथेचं काय होईल, हे सांगायला नको. वनवास आधी आणि स्वयंवर नंतर! अशा घरात शफलचं बटण चुकून दाबलं जाई आणि मग ते बंद कसं करायचं यावर चर्चा होई.

प्रोग्रॅमच्या बटणाचा खरा उपयोग झाला तो कॅसेट भरणाऱ्यांना. अनेक सीडी प्लेयरवर ‘एडिट’ नावाची सोय असे. कॅसेटची एक बाजू किती मिनिटांची ते सांगितलं की यंत्र अनुक्रमणिकेतल्या वेळांची बेरीज करून कोणती गाणी एका बाजूत मावतील ते स्वतःच ठरवायचं आणि बाजू संपताना थांबायचं. अर्ध्यात तुटणारं शेवटचं गाणं हे कॅसेटचं जुनं दुखणं नव्या यंत्राने बरं केलं, तेही स्वतः त्या कॅसेटला हटवायला निघालेलं असताना. फिलिप्सने याच्याही पुढे जाऊन ‘फेवरिट ट्रॅक सिलेक्शन’ आणलं. तबकडी काढून घेतली तरी तिच्यातली आपली पसंतीची गाणी यंत्र लक्षात ठेवायचं आणि तीच तबकडी पुन्हा घातली की ओळखून तेवढीच वाजवायचं.

साध्या यंत्रांना असं काही लक्षात राहत नसे. त्यांचा प्रोग्रॅम जिवंत राहायचा तो वीज असेपर्यंत आणि ट्रे बंद असेपर्यंत. युरोपातल्या माणसाला ही अडचण कधी जाणवली नसेल. ग्रामीण महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षं भारनियमन दहा-बारा तासांवर गेलं होतं. वीस गाणी निवडून, आकडे देऊन, प्ले दाबून तिसऱ्या गाण्यावर लाईट गेली की सगळं पुसलं. लाईट आली की यंत्र निर्लज्जपणे पहिल्या गाण्यापासून सुरू. असं दोन-चार वेळा झालं की माणूस शहाणा होतो. तो प्रोग्रॅम करत नाही, गाण्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवतो. कागदाला वीज लागत नाही.

तो कागद प्रत्येक शाळेच्या गॅदरिंगमध्ये दिसायचा. साउंड सर्व्हिसवाल्याच्या टेबलावर अहुजाचा अँप्लिफायर, शेजारी प्लेयर आणि हातात बाईंनी दिलेली यादी: सहावी अ, तबकडी दोन, नंबर सात; आठवी ब, नंबर अकरा, ‘कडव्यानंतर बंद’. विंगेतून कुणीतरी हात हलवला की सात दाबायचं. पूर्वी यासाठी प्रत्येक नाचाची वेगळी कॅसेट आधीच नेमक्या जागी गुंडाळून ठेवावी लागे आणि रांगेतली एक जरी हलली तरी शेतकरी नृत्याला कोळीगीत लागायचं. नंबराने ही फजिती थांबली. वेगळी फजिती सुरू झाली: गाणं संपल्यावर यंत्र आपणहून पुढच्या गाण्यावर उडी मारायचं आणि नाच संपवून वाकलेल्या पोरींच्या डोक्यावरून भलतंच काहीतरी सुरू व्हायचं. एक गाणं वाजवून थांबण्याची सोय काही यंत्रांत होती, पण गॅदरिंगला आलेल्या यंत्रात ती असेलच असं नव्हतं. त्यामुळे साउंडवाल्याचं बोट पॉजवर तयार.

‘ए-बी’ हे आणखी एक बटण असंच बाजूला पडलेलं. गाण्यात एका जागी ए, दुसऱ्या जागी बी अशी खूण केली की मधला तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. ऐकणाऱ्याला त्याचं काही नाही. पण हार्मोनियमवर चाल बसवणाऱ्याला, एखादी हरकत गळ्यात उतरवू पाहणाऱ्या भजन्याला हे बटण म्हणजे न कंटाळणारा गुरू. बाबामहाराज सातारकरांच्या हरिपाठाच्या सीडी घरोघर होत्या. त्यातला एखादा आलाप दहा वेळा ऐकायचा तर कॅसेटवर मागे-पुढे करता करता फीतच सैल व्हायची.

खरं तर गावांत जी तबकडी पोचली ती बहुतांशी नुसत्या गाण्यांची नव्हतीच. ती व्हीसीडी होती. १९९३ मध्ये आलेल्या या प्रकाराने त्याच १२० मिलिमीटरच्या तबकडीत तासा-सव्वातासाचं चित्र कोंबलं. चित्र टीव्हीच्या मानाने धुरकट, पण यंत्र स्वस्त आणि चिनी सुटे भाग मुबलक. सिनेमा दोन तबकड्यांवर यायचा, त्यामुळे मध्यंतर थिएटरात होतं तिथे नव्हे, तर पहिली तबकडी संपेल तिथे. तीन तबकड्यांचा चेंजर असलेला प्लेयर घरात असणं म्हणजे उठावं न लागणं. लग्नाच्या, बारशाच्या, कीर्तनाच्या व्हीसीडी निघू लागल्या आणि निवृत्तीमहाराज इंदुरीकरांची कीर्तनं टीव्हीवर लावून अख्खी गल्ली हसू लागली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणली. त्याआधी इतक्या पैशांत तबकडी भाड्याने मिळायची.

व्हीसीडीच्या रिमोटवर ‘पीबीसी’ नावाचं बटण असायचं. ते चालू असलं की पडद्यावर यादी यायची आणि नंबर देऊन गाणं निवडता यायचं. बंद केलं की तबकडी सरळ पहिल्यापासून. कित्येक घरांत ‘रिमोट बिघडलाय, नंबरच घेत नाही’ अशी तक्रार असे, तिचं मूळ बहुधा या पीबीसीत. ‘एल-आर’च्या बटणाचीही तीच कथा. एका बाजूला गायकासह गाणं आणि दुसऱ्या बाजूला नुसतं वादन अशी कराओकेची व्हीसीडी असली तर ते कामाचं. एरवी ते दाबलं गेलं की एका स्पीकरचा आवाज गेल्यासारखा वाटायचा आणि वायर तपासायला माणूस बोलवावा लागायचा.

धुळीचं प्रकरण स्वतंत्र. तबकडी अडखळली की शर्टाच्या टोकाने गोल गोल पुसायची, ही सार्वत्रिक रीत. ती नेमकी उलटी आहे. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिताच्या आधारे यंत्र हरवलेला मजकूर भरून काढतं. रेघेच्या बाजूने सुमारे अडीच मिलिमीटर इतका मजकूर गेला तरी त्याचं भागतं. म्हणून आडवा ओरखडा चालतो, रेघेच्या दिशेने लांब गेलेला चालत नाही, आणि गोल पुसण्याने नेमके तसलेच ओरखडे पडतात. पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ. पाकिटावर ही सूचना असायची. वाचली कुणी?

गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर मोठाल्या स्पीकरची जोडी बांधून गाणी लावण्याचा शौक मराठवाड्याच्या रस्त्यावर सगळ्यांच्या परिचयाचा. तिथे टेप चालला, पुढे पेन ड्राइव्ह चालला. सीडीला ती जागा मानवणारी नव्हती. १.६ मायक्रॉन अंतरावरच्या रेघा वाचणारा किरण आणि कारखान्याकडे जाणारा खड्ड्यांचा रस्ता, यांचं जमणार कसं? फिरत्या प्लेयरमध्ये काही सेकंदांचं गाणं आधीच साठवून ठेवणारी सोय नव्वदच्या दशकात आली, पण ती चालत्या माणसाच्या धक्क्यांसाठी होती, दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरसाठी नव्हे.

मग एमपीथ्री आलं आणि ९९ ची मर्यादाच गळून पडली. ७०० एमबीच्या तबकडीत दीडशे गाणी. मागच्या कागदावर मुंगीच्या अक्षरात छापलेली यादी आणि रिमोटवर ‘१०+’ दाबत दाबत एकशे सदतिसाव्या गाण्यापर्यंतचा प्रवास. क्रम लावायचा तर तो आता तबकडी जाळताना संगणकावर लागायचा, म्हणजे सीडी सेंटरवाल्याच्या हाती. पाठोपाठ मोबाइल आला आणि तोच दुकानदार मेमरी कार्ड ‘भरून’ देऊ लागला. कॅसेटचं क्रियापद कार्डाला लागलं. फरक इतकाच की आता यादी कुणी लिहून आणत नसे. ‘नवीन-जुनी मिक्स टाका, थोडी भक्तिगीतं टाका’ एवढं सांगितलं की झालं. निकामी तबकड्या शेतात दोरीला बांधल्या गेल्या, उन्हात चमकून पाखरं हाकण्यासाठी.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि कार्ड भरणंही मागे पडलं. एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं, ते कंपनीच्या हिशेबाने. बटण दाबून ते अडवता येतं, पण फार कमी जण अडवतात. मांडवात मात्र जुनी रीत चालूच आहे. डीजेच्या लॅपटॉपवर हजारो गाणी असतात, तरी पहिलं गणपतीचंच लागतं आणि वरातीत चिठ्ठी घेऊन येणारा मामाही असतोच. शेवटचं गाणं तेवढं यांच्यापैकी कुणाच्या हातात नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहाला आवाज बंद करायला लावतात आणि बाराची सवलत मिळते ती वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही सरकारने ठरवलेल्या सणांना. लग्नाची वरात त्या यादीत नसते.